बैलाची लस आणि कपाशीतले अक्षर
(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



बैठकीच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'विषाणूंच्या रोगांवरील लसी आणि नवे जीवशास्त्र' असा विषय छापलेला आहे. तो वाचून मघाशी चहाच्या वेळी एक जण मला म्हणाला, "कापसाच्या भावाचे बोला, सुईचे काय बोलता?" त्याचे म्हणणे चुकीचे नाही. कापसाच्या भावाचे बोलणारे आज चार जण आहेत. मी तेवढा वेळ सुईला देणार आहे, कारण या सुईचा आणि तुमच्या वावरातल्या कपाशीचा संबंध सख्ख्या भावंडांसारखा आहे आणि तो आपल्याला कोणी सांगितलेला नाही.

सुरुवात माझ्या गोठ्यापासून करतो. २०२२ साली पोळा झाला आणि पंधरा दिवसांत आमच्या एका बैलाच्या अंगावर गाठी आल्या. लंपी. पाय सुजले, वैरण सुटली, नवव्या दिवशी बैल गेला. जोडीतला एक गेला म्हणजे राहिलेला एक अर्धा बैल होतो, हे तुम्हाला सांगायला नको. कपाशीत शेवटचे डवरे राहिले होते, ते राहिलेच. सरकारने नंतर ओढकामाच्या बैलामागे २५,००० रुपये मदत जाहीर केली. लससुद्धा आली, पण आमच्या गावात ती आली तेव्हा बैल पुरून झाला होता. ज्या पिशवीतून ती आली त्यातल्या बर्फाचे पाणी झाले होते. ज्याने आणली त्याचा दोष नाही. चाळीस किलोमीटर मोटारसायकलवर तो बिचारा एकटा आला होता, अठरा गावे त्याच्याकडे होती. पण त्या कोमट पाण्यातल्या कुपीत लस जिवंत होती की मेली होती, हे त्यालाही माहीत नव्हते आणि मलाही नव्हते.

आणखी एक गोष्ट. ती लस लंपीची नव्हतीच. ती शेळ्यांच्या देवीची लस होती. गावात लोक हसले. म्हणाले, बैलाच्या रोगाला शेळीचे औषध, सरकारची कमाल आहे! मीही हसलो. नंतर चौकशी केली तेव्हा कळले, की हसण्यासारखे त्यात काही नव्हते. लंपीचा विषाणू, शेळीच्या देवीचा विषाणू आणि मेंढीच्या देवीचा विषाणू हे तिघे एका घरचे आहेत. एकाशी लढायला शिकलेले शरीर दुसऱ्याला ओळखते. जगातली पहिली लस याच युक्तीवर निघाली. १७९६ साली इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नर नावाच्या डॉक्टरने एका गवळणीच्या हातावरचा गोस्तन देवीचा फोड घेतला आणि त्यातली लस आठ वर्षांच्या एका मुलाला टोचली. गाईच्या सौम्य देवीने माणसाची जीवघेणी देवी अडवली. लॅटिन भाषेत गाईला 'वाक्का' म्हणतात, त्यावरून 'व्हॅक्सीन' शब्द आला. म्हणजे हे शास्त्र मुळात गोठ्यातून निघाले आहे. हिंदुस्थानात ती लस पहिल्यांदा टोचली गेली १४ जून १८०२ रोजी, मुंबईत, तीन वर्षांच्या एका मुलीला. बगदाद आणि बसऱ्याच्या वाटेने ती आली. तेव्हा बर्फ नव्हता, शीतपेटी नव्हती. एकाच्या दंडावर फोड यायचा, त्यातून दुसऱ्याच्या दंडावर, असा प्रवास. जिवंत माणसे हीच त्या लसीची पिशवी होती.

जुनी कला

जुनी कला म्हणून तिला नावे ठेवायची नाहीत. आपल्यातल्या सत्तरीच्या पुढच्या माणसांना बुळकांडी आठवत असेल. एका गावात शिरली की गोठेच्या गोठे रिकामे करायची. तो रोग आज पृथ्वीवर नाही. २०११ साली जगाने तसे जाहीर केले. माणसाच्या देवीनंतर समूळ नाहीसा झालेला हा दुसरा रोग, आणि जनावरांचा पहिला. हे काम जुन्या पद्धतीच्या लसीनेच झाले. ती पद्धत अशी, की रोगाचा विषाणू घ्यायचा, त्याला प्रयोगशाळेतल्या परक्या पेशींत पुन्हा पुन्हा वाढवायचा, पिढ्यांमागून पिढ्या. त्या वातावरणाला तो सरावतो आणि मूळ जनावरात रोग करण्याची त्याची ताकद जाते. अशा नरमवलेल्या विषाणूची लस करायची. दुसरी पद्धत म्हणजे विषाणू भरपूर वाढवायचा आणि रसायनाने मारून टोचायचा. लाळ-खुरकूताची लस आजही अशीच होते.

लंपीची आपली देशी लससुद्धा जुन्या कलेनेच झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये ओडिशात रोग पहिल्यांदा दिसला. त्याच वर्षी रांचीच्या जनावरांतून विषाणू वेगळा काढला गेला. हरियाणात हिसारला घोड्यांवर संशोधन करणारी सरकारी संस्था आहे, तिने तो पेशींत पन्नास वेळा वाढवून नरम केला. बरेलीजवळच्या इज्जतनगरची पशुवैद्यकीय संस्था सोबतीला होती. १० ऑगस्ट २०२२ रोजी दिल्लीत ती लस जाहीर झाली. पुढे डिसेंबरात आपल्या पुण्याच्या सरकारी लस संस्थेशी ती बनवण्याचा करार झाला. शास्त्रज्ञांनी काम चोख केले. पण तारखा पाहा. रोग २०१९ चा, लस जाहीर २०२२ ची. मधल्या तीन वर्षांत माशा, डास आणि गोचीड यांनी कोणाच्याही परवानगीची वाट पाहिली नाही.

त्याच काळात दुसरी एक साथ चालू होती, कोविडची. तिथल्या तारखा अगदी वेगळ्या आहेत. का वेगळ्या आहेत ते समजून घ्यायला तुमच्या कपाशीत जावे लागेल.

पऱ्हाटी म्हणा की कपाशी म्हणा

प्रत्येक जिवाच्या पेशीत त्याचा सगळा कारभार लिहून ठेवलेला असतो. ती लिपी चार अक्षरांची आहे. तीन अक्षरांचा एक शब्द होतो. एका शब्दाचा अर्थ एक मणी. मण्यांची माळ ओवली की एक प्रथिन तयार होते. गंमत अशी, की शब्द होतात ६४ आणि मणी आहेत फक्त २०. म्हणजे एका मण्याला अनेक शब्द. आपल्याकडे कोणी पऱ्हाटी म्हणतो, कोणी कपाशी म्हणतो, झाड एकच. पण यवतमाळच्या बाजाराची बोली वेगळी आणि नगरची वेगळी. जिवांचेही तसेच आहे. जीवाणू एक शब्द जास्त वापरतो, झाड दुसरा.

बीटी म्हणजे मातीतला एक जीवाणू. त्याच्याजवळ बोंडअळीच्या आतड्याला भोक पाडणारे प्रथिन आहे. अमेरिकेत शास्त्रज्ञांनी त्याचे जनुक उचलून जसेच्या तसे झाडात घातले, तर झाडाने ते प्रथिन इतके थोडे केले की अळी हसत राहिली. झाडाला जीवाणूची बोली नीट वाचता येईना. तेव्हा मोन्सँटोच्या प्रयोगशाळेने ते जनुक नव्याने लिहून काढले. अर्थ तोच, मणी तेच, शब्द मात्र झाडाच्या बोलीतले. १९९१ साली हे प्रसिद्ध झाले. नव्या अक्षरांनी प्रथिन कितीतरी पटींनी वाढले आणि अळी मेली. २००२ पासून आपण कायदेशीरपणे पेरत आलो ते हे असे लिहिलेले अक्षर आहे. ते निसर्गात कुठे सापडत नाही, माणसाने लिहिलेले आहे.

जनुक नुसते उचलायचे नाही, आपल्याला हवे तसे लिहून काढायचे, या विद्येला आता सिंथेटिक बायॉलॉजी म्हणतात, मराठीत संश्लेषित जीवशास्त्र. नाव ऐकून घाबरायचे कारण नाही. तिच्या सावलीत आपण वीस वर्षांहून जास्त काळ सरकी वेचतो आहोत.

लसीत हीच विद्या आधी काविळीच्या वाटेने शिरली. ब प्रकारच्या काविळीची पहिली लस रोग्यांच्या रक्तातून काढत. रक्त मिळणार किती आणि त्याचा भरवसा काय? मग त्या विषाणूच्या अंगावरच्या एका प्रथिनाचे जनुक यीस्टमध्ये घातले. यीस्ट म्हणजे पाव फुगवणारे आंबवण. आंबवणातून लस तयार झाली. अमेरिकेत १९८६ साली. तिची परदेशी किंमत आपल्या माणसाला परवडणारी नव्हती. वरप्रसाद रेड्डी यांनी १९९३ साली हैदराबादला शांता बायोटेक्निक्स काढली आणि १९९७ साली ही लस देशात बनवून बाजारात आणली. त्यामागून इतर कारखाने आले, स्पर्धा लागली, भाव कोसळले, आणि आज ती लस सरकारी दवाखान्यात पाळण्यातल्या बाळाला फुकट टोचली जाते. भाव कोसळलेला पाहून आनंद व्हावा असा प्रसंग शेतकऱ्याच्या आयुष्यात क्वचित येतो, म्हणून मुद्दाम सांगितले.

आता कोविडच्या तारखा. जानेवारी २०२० मध्ये चीनमधल्या शास्त्रज्ञांनी त्या विषाणूची सगळी अक्षरे, २९,९०३ अक्षरे, जगासमोर ठेवली. नीट लक्ष द्या, विषाणूची बाटली विमानाने कुठे गेली नाही. गेला तो मजकूर. १३ जानेवारीला अमेरिकेत लसीचा आराखडा ठरला आणि १६ मार्चला सिएटल शहरात पहिल्या स्वयंसेवकाच्या दंडात सुई गेली. ६३ दिवस. कपाशी पेरून फुलावर यायला लागते तेवढा वेळ. विषाणूच्या अंगावरचे जे काटे, त्या काट्याच्या प्रथिनात १,२७३ मणी आहेत. त्यातले दोन मणी शास्त्रज्ञांनी मुद्दाम बदलले, म्हणजे काटा आपला आकार सोडत नाही आणि शरीराला त्याची ओळख बरोबर पटते. हा मजकूर एमआरएनए नावाच्या चिठ्ठीवर लिहून टोचायचा. पेशी चिठ्ठी वाचते, काटा तयार करते, शरीर त्याला ओळखून ठेवते आणि चिठ्ठी काही दिवसांत विरघळून जाते. आपल्या जनुकांच्या तिजोरीपर्यंत ती जात नाही.

कोणी म्हणेल ६३ दिवसांत झाले म्हणजे घाईत उरकले. तसे नाही. कातालिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन या दोघांनी चिठ्ठीतले एक अक्षर बदलून ती शरीराला कशी सोसेल हे २००५ सालीच दाखवले होते. तेव्हा त्यांना कोणी विचारले नाही. २०२३ साली नोबेल मिळाले. जमीन आधीच नांगरून, वखरून ठेवलेली होती, म्हणून पाऊस पडताच पेरणी झाली.

आपल्यापैकी बहुतेकांनी घेतली ती पुण्यात बनलेली कोविशिल्ड. तिचेही तसेच. चिंपांझीच्या सर्दीचा एक निरुपद्रवी केलेला विषाणू आणि त्यात लिहून घातलेले काट्याचे जनुक. म्हणजे लिहिलेले अक्षर आधी कपाशीत गेले आणि मग तुमच्या माझ्या दंडात. त्या लसींनी काही थोड्या लोकांना त्रासही दिला, कोविशिल्डच्या जातीच्या लसीने क्वचित रक्तात गुठळ्या झाल्या, एमआरएनए लसीने काही तरुण मुलांच्या हृदयाला सूज आली. हे लपवून ठेवायचे नाही. लपवले की लोक खऱ्या गोष्टीवरही विश्वास ठेवत नाहीत.

विषाणूवाचून विषाणूची लस

आता आपल्या गोठ्याकडे परत येऊ. लाळ-खुरकूत. तोंडात फोड, खुरात जखमा. जनावर मरत नाही म्हणून आपण त्याला मोठा रोग मानत नाही, पण दूध आटते, बैल हंगामात बसतो, आणि हा रोग देशात आहे म्हणून श्रीमंत देशांनी आपल्या दूध-मांसाला आणि जनावरांना दारे बंद केलेली आहेत. २०१९ पासून केंद्र सरकारने या आणि ब्रुसेलोसिस या दोन रोगांसाठी मिळून देशभर लसीकरणाचा कार्यक्रम घेतला, १३,३४३ कोटींचा. सहा महिन्यांनी पुन्हा टोचावे लागते. लसीत तीन वाण लागतात, ओ, ए आणि एशिया-१, कारण एकाची लस दुसऱ्याला चालत नाही.

ही लस करायची तर कारखान्यात जिवंत लाळ-खुरकूताचा विषाणू हजारो लिटर वाढवावा लागतो. मग तो मारायचा. सगळा मेला तर लस. एखादा सुटला तर काय होते? ऑगस्ट २००७ मध्ये इंग्लंडात पिरब्राइट या गावी असेच झाले. तिथे एकाच आवारात सरकारी संशोधन संस्था आणि लसीचा कारखाना होता. जमिनीखालचा सांडपाण्याचा जुना पाइप फुटका होता. विषाणू मातीत उतरला, बांधकामाच्या गाड्यांच्या चाकांना चिखल लागला आणि रोग शेजारच्या शेतातल्या गाईंपर्यंत पोहोचला. ज्या विषाणूपासून लस करायची, तोच कुंपणाबाहेर पडला. इंग्रजांच्या देशात पाइप फुटतो, तर आपल्याकडच्या पाइपांबद्दल मी काही बोलत नाही.

त्याच पिरब्राइटच्या शास्त्रज्ञांनी ऑक्सफर्ड आणि रेडिंगच्या लोकांना घेऊन २०१३ साली एक गोष्ट करून दाखवली. विषाणू म्हणजे तरी काय? बाहेर कवच आणि आत मजकूर. शरीर ओळखते कवचाला. रोग करतो मजकूर. मग त्यांनी मजकूर घेतलाच नाही. फक्त कवचाचे जनुक लिहिले, ते किड्यांच्या पेशींत घातले, आणि पेशींनी रिकामी कवचे तयार केली. बोंड आहे, आत सरकी नाही. असे बोंड उगवणार कसे? कुठलाही पाइप फुटला तरी रोग पसरायचा नाही.

पण रिकामे कवच नाजूक असते, उन्हाने विस्कटते. इथे त्यांनी जे केले ते मला फार आवडले. कवचाचे तुकडे जिथे एकमेकांना भिडतात तिथला एक मणी त्यांनी बदलला. गंधक असलेला मणी बसवला. दोन बाजूंचे गंधक एकमेकांना धरतात, जणू सांध्यावर टाका घातला. ते शिवलेले कवच ५६ अंशांत दोन तास टिकले. गाईंना टोचून काही महिन्यांनी त्यांच्यावर खरा विषाणू सोडून पाहिला, तेव्हा त्या तगल्या. भावांनो, ५६ अंश. आपल्याकडे मे महिन्यात ४५ होतात. माझ्या गावात आलेल्या त्या पिशवीतल्या बर्फाचे पाणी झाले होते, ते आठवा, म्हणजे त्या एका मण्याची किंमत कळेल.

उन्हाचा हा प्रश्न माणसाच्या लसीलाही होता. पहिली एमआरएनए लस उणे ७० अंशांत ठेवावी लागे. तसे यंत्र तालुक्याला कुठून येणार? पुण्याजवळ हिंजवडीच्या जेनोव्हा कंपनीने तिची भुकटी करून दाखवली. साध्या फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत राहते. जून २०२२ च्या अखेरीस तिला परवानगी मिळाली. तोवर साथीचा जोर आणि गिऱ्हाईक दोन्ही ओसरले होते. पण ही विद्या आता आपल्याच जिल्ह्यांच्या शेजारी बसलेली आहे हे ध्यानात ठेवा.

भीती कशाची धरायची

भीती नाही असे मी म्हणणार नाही. २००२ साली अमेरिकेत एका प्रयोगशाळेने पोलिओचा विषाणू टपालाने मागवलेल्या तुकड्यांतून लिहून तयार केला. सुमारे साडेसात हजार अक्षरे. २०१८ साली कॅनडाच्या शास्त्रज्ञांनी घोड्यांच्या देवीचा विषाणू, दोन लाखांहून जास्त अक्षरांचा, असाच जुळवल्याचे प्रसिद्ध केले. घोड्याची देवी लिहिता येते तर माणसाची का येणार नाही? प्रश्न खरा आहे. बुळकांडीचेच पाहा. २०१९ साली पिरब्राइटने आपल्याकडच्या बुळकांडीच्या कुप्या जाळून टाकल्या, पण त्याआधी प्रत्येकीतली अक्षरे वाचून ठेवली. विषाणू गेला, मजकूर राहिला. तेव्हा अक्षरे जुळवून विकणाऱ्या कंपन्यांनी कोण काय मागवतो ते तपासले पाहिजे आणि सरकारने त्यांना तपासले पाहिजे. ज्या हातात लेखणी आहे त्या हातावर नजर ठेवा. आपल्याकडे मात्र लेखणीच काढून घेण्याची पद्धत आहे.

दुसरी गोष्ट, या विद्येला जादू समजू नका. पोलिओच्या तोंडावाटे द्यायच्या लसीतला नरम विषाणू कधी कधी पुन्हा माजतो. तो माजू नये म्हणून त्याची अक्षरे बदलून नवी लस लिहिली गेली, २०२१ पासून ती वापरात आहे. माजणे पुष्कळ कमी झाले, पण आफ्रिकेत थोड्या ठिकाणी नवी लसही माजलेली आढळली. आणि गुलाबी बोंडअळीने २०१७ साली आपल्याला काय शिकवले? दोन जनुकांचे बियाणे, पाकिटावर हमी, आणि बोंड फोडले तर आत अळी. अळी बदलते, विषाणू तिच्याहून कितीतरी लवकर बदलतो. म्हणून जो लिहितो त्याला पुन्हा पुन्हा लिहिता आले पाहिजे. बीटीचे दुसरे जनुक २००६ साली आले. २००९ नंतर आजवर कपाशीत एकाही नव्या अक्षराला सरकारने मान्यता दिलेली नाही. अळी थांबली नाही, आपण थांबलो.

इथे माझ्या बोलण्याचा मुख्य मुद्दा येतो. जनुके बदललेल्या कोणत्याही जिवासाठी आपल्याकडे १९८९ चे नियम आहेत. कपाशीला तेच, वांग्याला तेच, अशा लसीलाही तेच. मार्च २०२० मध्ये शहरातला माणूस मरायला लागला, तेव्हा केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने त्याच नियमांखाली झटपट परवानगीची वाट काढली. चांगले केले. ऑगस्ट २०२१ मध्ये अहमदाबादच्या झायडसच्या लसीला मान्यता मिळाली, माणसासाठीची जगातली पहिली डीएनए लस. म्हणजे नियम आडवे येत नाहीत, मनात असले की वाट निघते. त्याच नियमांखाली बीटी वांगे फेब्रुवारी २०१० पासून अडकून पडले आहे. २००१ साली गुजरातेत शेतात उभी असलेली बीटी कपाशी उपटून जाळण्याचे फर्मान निघाले होते. २०१९ साली अकोट तालुक्यात अकोली जहाँगीरला शेतकऱ्यांनी तणनाशक सहन करणारी कपाशी उघड पेरली, तर गुन्हे दाखल झाले. अक्षर दंडात गेले तर विज्ञान, वावरात गेले तर गुन्हा, आणि गोठ्याचा तर कोणी विचारच करत नाही.

२०१५ साली या राज्याने कायदा केला, बैल कापायचा नाही. बैलाच्या जिवाची सरकारला एवढी काळजी! सात वर्षांनी तोच बैल गाठींनी मेला तेव्हा त्याच्या नावाची लस राज्यात नव्हती. ऑस्ट्रेलियात तेव्हा लंपीचे एकही जनावर नव्हते, लाळ-खुरकूताचेही नव्हते. तरी शेजारच्या इंडोनेशियात रोग आला एवढ्यावर न्यू साउथ वेल्सच्या सरकारने २०२२ मध्येच दोन्ही रोगांच्या एमआरएनए लसींसाठी करार करून टाकला. तिथे शेतकऱ्याची जनावरे म्हणजे देशाचा माल समजतात.

मालकीचे काय, असा प्रश्न कोणीतरी चिठ्ठीवर पाठवला आहे. बरोबर आहे, बियाण्याच्या रॉयल्टीचे चटके आपण खाल्ले आहेत. ज्याने लिहिले त्याला मोबदला मिळाला पाहिजे, फुकटची मागणी आपण कधी केली नाही. पण एकाच्या हातात किल्ली नको, कंपनीच्या नको आणि सरकारी संस्थेच्याही नको. मार्च २०२१ मध्ये स्टॅनफर्डच्या शास्त्रज्ञांनी लस टोचून झालेल्या कुप्यांच्या तळाशी उरलेल्या थेंबांतून तिचा मजकूर वाचला आणि जगाला दिला. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनच्या एका छोट्या कंपनीने उघड असलेल्या मजकुरावरून, मूळ कंपनीच्या मदतीवाचून, २०२२ च्या सुरुवातीला आपली एमआरएनए लस प्रयोगशाळेत बनवून दाखवली. मजकूर उघडा असला की दुसरा कारखाना उभा राहतो. दुसरा उभा राहिला की काविळीच्या लसीचे झाले तसे होते.

म्हणून संध्याकाळच्या ठरावात एक कलम घालावे असे माझे म्हणणे आहे. जनावरांच्या विषाणूंची अक्षरे, आपल्या पैशाने चालणाऱ्या संस्था वाचतात ती, ताबडतोब उघडी करावीत. जनावरांच्या नव्या लसींना माणसांच्या लसींसाठी काढली तशी झटपट परवानगीची वाट असावी, तपासणी कडक आणि तारीख बांधलेली. पात्र असेल त्या प्रत्येक कारखान्याला परवाना मिळावा. आणि सरकारी खरेदीत उन्हात टिकणाऱ्या लसीला पहिला मान द्यावा.

तोवर आपल्या हातात आहे तेवढे करू. पुढच्या फेरीत लस टोचायला माणूस आला की त्याच्याशी भांडू नका, त्याला चहा द्या आणि शीतपेटी उघडून पाहा. बर्फ घट्ट आहे का, कुपीवरची तारीख काय, गट क्रमांक काय, हे वहीत लिहा आणि जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा आकडा त्यासमोर घाला. बर्फाचे पाणी झाले असेल तर तेही लिहा, पाहणाऱ्या दोघांच्या सह्या घ्या. प्रत्येक गावची वही पुढच्या बैठकीला घेऊन या. आपल्या तालुक्यातल्या किती कुप्या कोमट पाण्यातून आल्या, हे एकदा आपल्याच अक्षरात कागदावर येऊ द्या. तो कागद घेऊन आपण जिल्हा पशुसंवर्धन कार्यालयात जाऊ. वह्या आणि पेन्सिली मागच्या टेबलावर ठेवलेल्या आहेत, गावाचे नाव घालून एकेक उचला.